सुकवणीची रात्र

फळ सुकवणे म्हणजे त्यातील पाणी इतके कमी करणे, की बुरशी, यीस्ट आणि जिवाणू यांना वाढीसाठी लागणारा ओलावा शिल्लकच राहू नये. आणि हे काम उन्हाकडून करून घेण्याची रीत महाराष्ट्रात इतकी जुनी आणि इतकी घरोघरची आहे, की तिच्यात काही शास्त्र असेल असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. कोकणातील आंबापोळी, फणसपोळी आणि आमसूल, सांगली-तासगावचा बेदाणा, देशावरची आवळकाठी आणि बोरकूट ही सारी उन्हाची आणि वाऱ्याची कमाई आहे. अहिल्यानगर शहराच्या उत्तरेकडील सावेडी उपनगरातही चैत्र-वैशाखात गच्चीवर जुन्या साड्यांवर आणि प्लॅस्टिकच्या कागदांवर वाळवण पसरले जाते आणि दिवस कलला की ते उचलून आत घेतले जाते. हे उचलणे ही या रीतीतील सर्वांत शहाणी कृती आहे, कारण सुकवणीत जे बिघडते त्यातील बरेचसे रात्री बिघडते. नेमका हाच धडा सूर्याच्या उष्णतेवर चालणारी यंत्रे, म्हणजे बोलीभाषेतील सोलर ड्रायर, बांधताना अनेकदा विसरला जातो. काचेची पेटी आणि काळा पत्रा यांवर भरपूर विचार होतो, परंतु सूर्य मावळल्यापासून तो पुन्हा वर येईपर्यंतच्या बारा-तेरा तासांत पेटीतील फळाचे काय होते, याकडे दुर्लक्ष होते.

निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता प्रारणाच्या रूपाने, म्हणजे अदृश्य किरणांवाटे, आकाशाकडे टाकत राहते, आणि त्यामुळे तिचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षाही खाली जाऊ शकते. गवतावर, पत्र्यावर आणि उभ्या दुचाकीच्या सीटवर पहाटे साचणारे दव हा त्याचाच परिणाम होय. हवेत असलेली वाफ आणि त्याच तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावू शकणारी वाफ यांचे प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता; हवा थंड झाली की तिच्यात मावणारी वाफ कमी होते, म्हणून वाफेचे प्रमाण तेच राहूनही आर्द्रता वाढते. डिसेंबर-जानेवारीत अहिल्यानगर जिल्ह्यात रात्रीचा पारा १२ अंश सेल्सिअसपर्यंत, आणि थंडीच्या लाटेत त्याहूनही खाली उतरतो. दुपारी २८ अंशांना जी हवा जेमतेम २६ टक्के आर्द्र असते, तीच हवा वाफेत काहीही भर न पडता पहाटे १२ अंशांना ७० टक्के आर्द्र होते. फळांमधील साखर ओलावा ओढून घेणारी असल्यामुळे अशा हवेत अर्धवट सुकलेले फळ वाळण्याऐवजी ओले होऊ लागते आणि दिवसभर मिळवलेल्या कोरडेपणाचा एक हिस्सा रात्रीतून परत जातो. त्याहून वाईट म्हणजे, ओलसर आणि ना गरम ना थंड अशा अवस्थेत बराच काळ राहिलेल्या फळावर बुरशी पाय रोवते, रस आंबू लागतो आणि रंग काळवंडतो.

ही अडचण सर्व ऋतूंत सारखी नसते, आणि दुर्दैव असे की ज्या ऋतूत ऊन सर्वांत चांगले असते त्या ऋतूत सुकवण्याजोगे फळ फार थोडे असते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवरील, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या जिल्ह्याला उन्हाची वाण नाही. परंतु बोर आणि आवळा हिवाळ्यात येतात, मृग बहाराचे डाळिंबही साधारण थंडीच्याच सुमारास उतरते, आणि आंबे बहाराचे डाळिंब तर पावसाच्या तोंडावर आणि ऐन पावसाळ्यात तोडणीला येते. बहार म्हणजे झाडाला पाण्याचा ताण देऊन ठरावीक काळी फुलोरा आणण्याची पद्धत. तो कोणता धरायचा हे पाणी आणि बाजारभाव पाहून ठरते, वाळवणाची सोय पाहून नव्हे. कोकणात हीच शर्यत आणखी चुरशीची होते, कारण रातांबे उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात आणि त्यांच्या साली मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून, पुन्हा पुन्हा वाळवून आमसुले होईपर्यंत मृगाचा पाऊस दारात उभा असतो.

महाराष्ट्रातील फळांच्या सुकवणीचे सर्वांत मोठे आणि सर्वांत यशस्वी उदाहरण असलेला बेदाणा या बाबतीत भाग्यवान ठरला, कारण द्राक्षांचा हंगाम आणि कोरडी हवा यांची गाठ फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत पडते. तासगाव, कवठे महांकाळ, जत आणि सोलापूरकडील पट्ट्यात बेदाणा उन्हात वाळवत नाहीत, तर सावलीच्या शेडमध्ये एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर वाऱ्याने वाळवतात. थेट उन्हाने मण्यांचा हिरवा रंग जातो आणि हिरवट बेदाण्याला भाव अधिक मिळतो. द्राक्षाच्या सालीवरील मेणचट थर पाण्याला सहज बाहेर पडू देत नाही, म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट यांच्या द्रावणात बुडवतात. इथाइल ओलिएटला बागाईतदार ‘डिपिंग ऑइल’ म्हणतात. त्यामुळे तो थर विरळ होऊन सुकण्याचा काळ सुमारे दोन आठवड्यांवर येतो. हे दोन आठवडे आकाशाने साथ दिली तर सारे ठीक. अवकाळी पावसाची एक फेरी आणि तिच्यामागून आलेली दोन दिवसांची दमट हवा शेडमधील मालाचा रंग आणि त्यासोबत त्याचा भाव उतरवते. शेडच्या बाजूंना प्लॅस्टिकचे पडदे सोडून पावसाचे शिंतोडे अडवता येतात, हवेतील ओलावा मात्र त्याने अडत नाही. दिवसा मिळालेल्या उष्णतेचा काही भाग राखून ठेवून अशा दमट रात्री वापरता आला तर काय होईल, हा प्रश्न येथे केवळ प्रयोगशाळेचा राहत नाही.

उष्णता साठवण्याचा विचार करण्यापूर्वी ती किती लागते याचा हिशेब पाहणे आवश्यक आहे. १०० किलो द्राक्षांत सुमारे ८० किलो पाणी असते. १५ टक्के ओलाव्याचा बेदाणा करायचा तर त्यातील सुमारे ७६ किलो पाणी उडवावे लागते आणि हाती साडेतेवीस किलो माल उरतो, म्हणूनच चार-सव्वाचार किलो द्राक्षांना एक किलो बेदाणा असा शेतकऱ्यांचा ठोकताळा आहे. एक किलो पाण्याची वाफ करण्यासाठी सुमारे २४०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या मीटरच्या भाषेत दोन तृतीयांश युनिट, ऊर्जा लागते. त्या हिशेबाने १०० किलो द्राक्षांमागे ५० युनिट झाले. एक चौरस मीटर जागेवर स्वच्छ दिवसात पाच-सहा युनिट इतके ऊन पडते आणि चांगल्या बांधणीचा हवा तापवणारा काळा पत्रा त्यातील साधारण दोन युनिट हवेच्या हवाली करतो. म्हणजे ऊर्जा विपुल असली तरी फुकट वाया घालवण्याइतकी नाही.

उष्णता साठवण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिल्यात एखादा पदार्थ नुसता तापवायचा आणि थंड होताना त्याने दिलेली ऊब घ्यायची. तापमानातील वाढ हाताला जाणवते म्हणून तिला संवेद्य उष्णता म्हणतात. सावेडीतील काँक्रीटच्या घरांत राहणाऱ्यांना हिचा परिचय करून देण्याची गरज नाही, कारण मे महिन्यात सूर्य मावळून चार-चार तास झाले तरी वरच्या मजल्याचे छत आतल्या खोलीत ऊब सोडतच असते आणि पंख्याखालची हवासुद्धा गरम लागते. माणसाला नकोशी वाटणारी हीच ऊब डिसेंबरात सुकणाऱ्या बोरांना मिळाली तर ती हवीहवीशी ठरेल. दुसऱ्या मार्गात पदार्थ वितळताना शोषली जाणारी आणि पुन्हा गोठताना बाहेर पडणारी उष्णता वापरली जाते. या काळात तापमान जवळजवळ स्थिर राहते, उष्णता जणू लपून बसते, म्हणून तिला सुप्त उष्णता हे नाव आहे.

पहिल्या मार्गासाठी लागणारा पदार्थ या जिल्ह्याच्या पायाखालीच आहे. दख्खनच्या पठाराचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, खडी म्हणून कोणत्याही क्रशरवर मिळतो. एक किलो दगड एक अंशाने तापवायला सुमारे ०.८४ किलोज्यूल लागतात, म्हणजे ६० अंशांपर्यंत तापवलेली एक टन खडी ३० अंशांपर्यंत उतरली तर ती सुमारे २५ हजार किलोज्यूल किंवा सात युनिट उष्णता परत देते. पाण्याची क्षमता वजनाच्या मानाने याच्या पाचपट आहे. परंतु पाण्याला गळती आणि गंज यांचा धाक असतो, आणि त्यातील उष्णता हवेला देण्यासाठी नळ्यांचे जाळे लागते. खडीचे तसे नाही; हवा तिच्या फटींतून थेट वाहते आणि प्रत्येक दगडाला स्पर्श करून जाते. घरातील इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत पूर्ण भरल्यावर सुमारे १.८ युनिट वीज मावते, म्हणजे सात युनिट साठवण्यासाठी अशा चार बॅटऱ्या घ्याव्या लागतील आणि काही वर्षांनी बदलाव्या लागतील. एक टन खडीला अर्ध्या-पाऊण घनमीटरच्या पेटीहून अधिक जागा लागत नाही, आणि ती कधी बदलावी लागत नाही.

मात्र याच आकड्यांत एक इशाराही आहे. सात युनिट उष्णता सगळीच्या सगळी पाणी उडवण्यासाठी खर्ची पडली तरी त्यातून जेमतेम १० किलो पाणी उडेल. रात्रीचा दिवस करण्याच्या महत्त्वाकांक्षेने साठा उभारणाऱ्याच्या पदरी म्हणून निराशा येते. साठवलेल्या उष्णतेचे खरे काम वेगळे आणि पुष्कळ माफक आहे, आणि ते आर्द्रतेच्या वर दिलेल्या हिशेबातूनच दिसते: पहाटेची १२ अंशांची, ७० टक्के आर्द्र हवा केवळ १० अंशांनी तापवली तर तिची आर्द्रता ३७ टक्क्यांवर येते. अशा हवेत सुकते फळ ओलावा ओढून घेत नाही, उलट थोडा सोडतच राहते. तासाला १०० घनमीटर हवा १० अंशांनी उबदार करण्यासाठी सुमारे ११०० किलोज्यूल लागतात. बारा तासांच्या रात्रीला १३ हजार किलोज्यूल झाले, म्हणजे एक टन खडीच्या साठ्यातून झिरपून जाणारी उष्णता वजा केली तरी ते काम निभते. फळाची रात्र राखायची, तिचा दिवस करायचा नाही, एवढा फरक लक्षात घेतला की साठ्याचा आकार आणि खर्च दोन्ही आवाक्यात येतात.

फळाच्या दृष्टीनेही ही मंद ऊब हिताची असते. सुकवणीच्या सुरुवातीला हवा फार तापली तर फळाचा वरचा थर चामड्यासारखा कडक होतो आणि आतले पाणी आतच कोंडले जाते. बाहेरून सुकलेले दिसणारे असे फळ डब्यात भरल्यावर काही दिवसांत ओलसर होते आणि त्याला बुरशी येते. ओलावा गाभ्यातून सालीकडे सावकाशच सरकतो, आणि त्याला तसे सरकण्यासाठी विसावा मिळाला तर दुसऱ्या दिवशीची सुकवणी वेगाने होते. गच्चीवरचे वाळवण संध्याकाळी गोळा करून, कापड झाकून रात्रभर ठेवणाऱ्या गृहिणी नेमका हाच विसावा देत आल्या आहेत; अभियंत्यांनी त्याला पुढे स्वतंत्र नाव दिले, एवढेच.

सुप्त उष्णतेच्या मार्गात प्रामुख्याने पॅराफिन मेण वापरले जाते. त्याच्या वेगवेगळ्या प्रतींपैकी ५५ ते ६० अंशांच्या आसपास वितळणारे मेण फळांच्या सुकवणीला सोयीचे पडते, कारण बहुतेक फळांना ५० ते ६० अंशांचीच हवा मानवते. एक किलो मेण वितळताना सुमारे २०० किलोज्यूल उष्णता पोटात घेते, म्हणजे सव्वाशे किलो मेण एक टन खडीची बरोबरी करते, शिवाय जवळजवळ एकाच तापमानाला उष्णता परत देते. विद्यापीठांतील संशोधनात मेणाला मोठे स्थान मिळाले आहे ते याच गुणामुळे. परंतु मेण उष्णतेचे अतिशय मंद वाहक आहे. मोठ्या डब्यात भरले तर कडेचे वितळते आणि मधले घट्टच राहते, म्हणून ते बारीक नळ्यांत किंवा चपट्या डब्यांत भरून आत धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागतात. वितळताना ते फुगते, तेव्हा डब्यात मोकळी जागा ठेवावी लागते, आणि ते ज्वालाग्राही आहे. खडी मुबलक आणि जागेची अडचण नसलेल्या शेतावर मेणाचा खर्च करण्याचे सबळ कारण दिसत नाही. फिरत्या गाडीवरील किंवा घराच्या छोट्या गच्चीवरील यंत्रासाठी, जेथे टनभर वजन ठेवता येत नाही, तेथे मात्र मेणाला पर्याय थोडे आहेत. सावेडीतील एखाद्या बचत गटाला इमारतीच्या गच्चीवर ड्रायर बसवायचा असेल, तर एक टन खडी स्लॅबच्या एकाच कोपऱ्यात रचण्यापूर्वी बांधकाम अभियंत्याचा सल्ला घेणे अपरिहार्य आहे.

खडीचा साठा बांधताना काही गोष्टी निर्णायक ठरतात. खडी एकसारख्या आकाराची, साधारण दोन ते पाच सेंटिमीटरची, आणि धुऊन घेतलेली असावी. भुकटी मिसळलेली खडी हवेची वाट अडवते आणि तिची धूळ फळावर बसते. दिवसा गरम हवा पेटीत वरून आत सोडून खालून बाहेर काढावी, आणि रात्री उलट, खालून आत घेऊन वरून फळांकडे न्यावी. त्यामुळे सर्वांत तापलेला थर वरच राहतो आणि रात्रीच्या अखेरीपर्यंत बाहेर पडणारी हवा पुरेशी उबदार मिळते. पेटीच्या भिंतींना आणि तळाला ग्लासवूल, थर्मोकोल किंवा कोरड्या भुशाचा जाड थर द्यावा लागतो. सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे झडप. सूर्य मावळताच काचेखालचा काळा पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून थंड पडतो, त्याला लागलेली हवा जड होऊन खाली उतरते, आणि मधली वाट उघडी राहिली तर हा उलटा प्रवाह साठ्यातील ऊब मुकाट्याने बाहेर ओतत राहतो. संध्याकाळी पत्रा आणि खडी यांच्यामधली झडप बंद करणे हे वाळवण उचलून आत घेण्याइतकेच नित्याचे काम व्हायला हवे. रात्री हवा हलती ठेवण्यासाठी छोटा पंखा लागतो. त्याला मात्र लहानशी बॅटरी पुरते, कारण तिने केवळ हवा ढकलायची असते, तापवायची नसते. सुमारे १९ अंश अक्षांशावरील या भागात काचेचा उतार दक्षिणेकडे ठेवावा आणि हिवाळी फळांसाठी तो ३० अंशांच्या पुढे न्यावा, म्हणजे खाली झुकलेला सूर्य त्यावर अधिक सरळ पडतो.

साठा उष्णता निर्माण करत नाही, ती फक्त पुढे ढकलतो. रात्रीसाठी राखलेले सात युनिट दिवसा गोळा करायचे तर साडेतीन चौरस मीटर पत्रा जादा लावावा लागतो, अन्यथा दिवसाची सुकवणी तेवढी मंदावते. जिल्ह्यातच असलेल्या शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ परावर्तक तबकड्यांची सौर वाफयंत्रणा सुरू झाली आणि रोज सुमारे २० हजार भाविकांचे अन्न शिजवण्याची तिची क्षमता सांगितली जाते. तेथे सूर्याची उष्णता ती मिळेल त्या वेळीच वापरली जाते आणि ऊन नसते तेव्हा नेहमीचा बॉयलर काम करतो. स्वयंपाकघराला ते परवडते. शेतावरील सुकवणीला बॉयलर नसतो, म्हणून तेथे साठ्याचे महत्त्व अधिक.

शेजारच्या छत्रपती संभाजीनगरातील ‘एसफोरएस टेक्नॉलॉजीज’ या संस्थेने उष्णता मुख्यतः तापलेल्या पृष्ठभागाच्या स्पर्शाने, म्हणजे वहनाने, मालाला देणारा सोलर ड्रायर तयार करून तो महिला शेतकऱ्यांपर्यंत नेला आणि २०२३ मध्ये तिला ‘अर्थशॉट’ पारितोषिक मिळाले. या कामातून एक गोष्ट ठळकपणे सिद्ध झाली, की गावातील स्त्रियांच्या हाती योग्य साधन आणि मालाला ठरलेला ग्राहक असेल तर सुकवणी हा हंगामी छंद न राहता रोजचा व्यवसाय होऊ शकतो. सावेडीवरून जाणाऱ्या मनमाड रस्त्याने सुमारे ३५ किलोमीटरवर राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. १९६८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने ‘आरक्ता’, ‘मृदुला’ आणि ‘भगवा’ या डाळिंबाच्या जाती शेतकऱ्यांना दिल्या, आणि डॉ. अण्णासाहेब शिंदे यांच्या नावाचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयही त्याच आवारात आहे. फळ आणि यंत्र यांचा विचार करणारे लोक एकाच कुंपणात बसतात अशी सोय फार थोड्या जिल्ह्यांना लाभली आहे.

या सोयीचा उपयोग प्रथम डाळिंबासाठी व्हावा असे वाटते. तडकलेले किंवा उन्हाने डागाळलेले डाळिंब बाजारात कवडीमोल होते, परंतु त्यातील निरोगी दाणे वेगळे काढून, थोडा वेळ गरम पाण्यात धरून सुकवता येतात. भगव्याचे दाणे गोड असल्यामुळे त्यांना हिमालयातील आंबट रानडाळिंबाच्या अनारदाण्याची जागा घेता येणार नाही, आणि तशी ती घेण्याचा अट्टहासही नको. सुकामेव्यात मिसळण्याजोगा गोड दाणा म्हणून त्याचा वेगळा बाजार उभा करावा लागेल. राहाता परिसरातील पेरू पातळ काप करून सुकतो. सीताफळाच्या वाटेला मात्र कोणी जाऊ नये, कारण त्याचा गर उष्णतेने कडवट होतो. बोर आणि आवळा यांना नव्याने काही शिकवायचे नाही; त्यांची सुकवणी लोकांना येते, त्यांना हवी आहे ती फक्त थंडीच्या रात्रीची राखण.

अशी राखण नीट होते की नाही, हे पाहण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. फळांचा एकच ट्रे सूर्यास्ताला आणि पुन्हा सूर्योदयाला साध्या वजनकाट्यावर ठेवून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. सकाळचा आकडा संध्याकाळपेक्षा मोठा आला, तर झडप उघडी राहिली आहे, पेटीचे आवरण गळके आहे किंवा साठा अपुरा आहे. दोन्ही आकडे सारखे आले, तरी खडीने आपले काम केले असे समजावे. आणि सकाळचा आकडा थोडासा जरी कमी निघाला, तरी ती रात्र सुकवणीच्या जमेत धरावी.